वाचकांचे प्रश्न : बळीचे राज्य कधी येणार?

लोककथा, साहित्य आणि चित्रपट यांतून समाज स्वतःची ओळख कशी सांगतो आणि पुढच्या काळाची स्वप्ने कशी रंगवतो, या विषयावर आम्ही गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी बळीराजाभोवती फिरणारी निघाली. त्यांतली काही निवडक पत्रे आणि त्यांना जोडून घेता येतील असे आणखी काही प्रश्न यंदा एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : भाऊबीजेला ओवाळताना आमच्या घरी 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' असे म्हणतात. सातवीत शिकणाऱ्या मुलीने यंदा विचारले की, बळी तर असुर होता आणि वामन हा विष्णूचा अवतार. मग आपण असुराचे राज्य का मागतो? मला नीट उत्तर देता आले नाही. (एक वाचक, इंदापूर)

उत्तर : मुलीची शंका रास्त आहे, आणि तिचे पहिले उत्तर पुराणातच सापडते. भागवताच्या आठव्या स्कंधातला बळी खलनायक नाही. तो प्रल्हादाचा नातू, विरोचनाचा मुलगा. 'हा बटू साधा नव्हे' असे गुरू शुक्राचार्यांनी बजावल्यावरही दिलेला शब्द न फिरवणारा. वामनाने दोन पावलांत सारे व्यापल्यावर तिसऱ्या पावलासाठी तो आपले मस्तक पुढे करतो, आणि मग विष्णू त्याला सुतलाचे, म्हणजे पाताळातल्या एका लोकाचे, राज्य देऊन स्वतः त्याच्या दाराशी राखणीला उभा राहतो. पुढे सावर्णी मन्वंतरात, म्हणजे पुराणांच्या कालगणनेतल्या पुढच्या प्रदीर्घ कालखंडात, बळीच इंद्र होईल, असे वचनही तिथे आहे. म्हणजे बळीचे राज्य परत येणार हे पोथीलाही मान्य आहे. फक्त पोथीने ते इतक्या लांबच्या मन्वंतरावर ढकलले आहे की, तोवर कुणाच्याही डोक्यावरचे कर्ज फिटायचे नाही.

घरातल्या बायकांनी ही मुदत मान्य केलेली दिसत नाही. कित्येक गावांत दिवाळीच्या पाडव्याच्या दिवशी दिवस उगवण्याआधी घरातली जाणती बाई कोपरान् कोपरा झाडून केर सुपात किंवा जुन्या टोपलीत भरते, त्यावर दिवा ठेवते आणि हे वाक्य म्हणत तो घराबाहेर नेऊन टाकते. इडा पिडा हा तिच्यासाठी कल्पनेतला शब्द उरत नाही. ती सुपातून उचलून बाहेर टाकायची वस्तू होते, आणि तिची जागा भरायला बळीला बोलावले जाते. वर्षातून एकदा का होईना, येणाऱ्या काळाकडून आपल्याला काय हवे आहे, हे या बाया मोठ्याने सांगतात. कोणत्याही ग्रंथाने त्यांना तसे सांगायला सांगितले नव्हते. गंमत अशी की, याच कथेने मराठीला 'झारीतले शुक्राचार्य' हा वाक्प्रचारही दिला. दानाचे पाणी पडू नये म्हणून झारीच्या तोंडाशी जाऊन बसलेला गुरू खरे तर बळीला वाचवत होता. पण आपण तो वाक्प्रचार कामात खोडा घालणाऱ्याला हिणवण्यासाठी वापरतो. एका तोंडाने बळीचे राज्य मागायचे आणि दुसऱ्या तोंडाने त्याच्या एकमेव सावध सल्लागाराची टिंगल करायची, असा हा आपला व्यवहार आहे. लोकपरंपरा एका सुरात बोलत नाही, हे मुलीला आत्ताच कळले तर बरेच.

दुसरे उत्तर महात्मा फुल्यांचे आहे. 1873 साली प्रसिद्ध झालेल्या 'गुलामगिरी'त जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून त्यांनी दशावतारांच्या कथा उलट्या बाजूने वाचल्या. वामन हा बाहेरून आलेल्या सत्तेचा प्रतिनिधी आणि बळी हा इथल्या कष्टकऱ्यांचा न्यायी राजा, अशी ती मांडणी होती. बायकांच्या तोंडचे हे वाक्य त्यांनी पुरावा म्हणून घेतले. ज्यांचा इतिहास कुणी लिहून ठेवला नाही, त्यांची आठवण ओवाळणीच्या ताटाशी शिल्लक राहिली आहे, असा त्यामागचा विचार होता. खंडोबा आणि म्हसोबा यांसारख्या बहुजनांच्या दैवतांना त्यांनी बळीच्या राज्यातले अधिकारी मानले. त्यासाठी त्यांनी लावलेल्या शब्दांच्या व्युत्पत्ती आजच्या भाषाशास्त्राला टिकाऊ वाटत नाहीत, हे मोकळेपणाने सांगायला हवे. तरी माझ्या मते त्यामुळे त्या पुस्तकाचे मोल कमी होत नाही. ज्या लोकांना आपण नेहमीच खालच्या पायरीवर होतो असे शिकवले गेले होते, त्यांना फुल्यांनी आपलेही कधी राज्य होते असे सांगितले. आणि ज्याला एकदा राज्य असल्याची आठवण होते, तो ते पुन्हा येईल अशी अपेक्षाही करू लागतो. पुस्तकाची अर्पणपत्रिका गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना आहे. यावरून त्यांची नजर पुराणातल्या गेलेल्या काळावर किती आणि पुढच्या काळावर किती होती, ते ध्यानात येते.

पुढे बळीराजा हे शेतकऱ्याचेच नाव झाले. सत्यशोधकांपासून अलीकडच्या शेतकरी आंदोलनांपर्यंत हे वाक्य घोषणेसारखे वापरले गेले. आज मात्र वर्तमानपत्रात 'बळीराजा' हा शब्द दिसला की, पुढे 'हवालदिल' किंवा 'संकटात' असणार हे वाचकाला न वाचताच कळते. राजा म्हणायचे आणि बातमी अवकाळी पावसाची, पडलेल्या भावाची किंवा त्याहून वाईट गोष्टीची द्यायची, या सवयीतून आपल्या समाजाचे जे चित्र दिसते ते एखाद्या कादंबरीतूनही इतके स्पष्ट दिसणार नाही.

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही काही वर्षे कोचीला आहोत. इथे ओणमला हाच बळी, म्हणजे महाबली, दरवर्षी प्रजेला भेटायला येतो असे मानतात. मग खरी कथा कोणती, त्यांची की आपली? (एक वाचिका, कोची)

उत्तर : तुमच्या जवळच त्रिक्काकरा येथे वामनाचे देऊळ आहे, आणि ओणमचा संबंध त्या देवळाशी जोडला जातो. ज्याने राजाला पाताळात धाडले त्याच्याच देवळाच्या नावाने त्या राजाचे स्वागत होते, म्हणजे विरोधाभासाची सवय मल्याळी माणसालाही आहे. खरे-खोटे ठरवण्यापेक्षा दोन्हीकडच्या माणसांनी बळीकडून काय मागितले ते पाहावे, असे मला वाटते.

केरळात लहानथोरांच्या तोंडी असलेल्या ओणमच्या गाण्यात महाबलीच्या राज्याचे वर्णन येते. सारी माणसे सारखी होती, खोटेपणा आणि फसवणूक नव्हती, आणि (हा तपशील मला फार मोलाचा वाटतो) खोटी मापे नव्हती. धान्य मोजून देताना ज्याला कुणी कमी माप घालते, त्याचे स्वर्गसुख असेच असणार. स्वर्गात अप्सरा असाव्यात ही कल्पना ज्याने कुणी केली असेल त्याला माप भरून मिळत असावे. विसाव्या शतकात सहोदरन अय्यप्पन या सुधारकाने त्याच गाण्याला जातिभेदाविरुद्ध नवे रूप दिले. 1917 साली चेराई येथे वेगवेगळ्या जातींचे सहभोजन घडवून ज्यांनी रोष पत्करला, तेच हे अय्यप्पन. फुल्यांनी आणि अय्यप्पनांनी एकाच राजाला हाताशी धरावे, हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. लोकांच्या मनात आधीच जागा असलेला दुसरा कोणता राजा त्यांना मिळणार होता?

फरक आहे तो काळाचा. केरळात बळीचे राज्य होऊन गेलेले आहे, आणि राजा वर्षातून एकदा पाहुणा म्हणून येतो. त्यामुळे त्याचे स्वागत फुलांच्या रांगोळीने आणि केळीच्या पानावरच्या भोजनाने होते, म्हणजे आपण सुखी आहोत हे त्याला दाखवायचे असते. आपल्याकडे ते यायचे आहे. आपण त्याला काही दाखवत नाही, त्याच्याकडे मागतो.

प्रश्न : विज्ञानकथा हा पाश्चात्त्यांकडून उचललेला प्रकार आहे, भविष्याची कल्पना करणे आपल्या परंपरेत बसत नाही, असे आमच्या वाचन गटात एकाने ठामपणे सांगितले. आपले मत काय? (एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : प्रकार उचललेला आहे हे मान्य करण्यात कमीपणा नाही, कादंबरीही तशीच आली. मात्र 'परंपरेत बसत नाही' हे म्हणणे पटत नाही. ज्ञानेश्वरीच्या शेवटचे पसायदान हे येणाऱ्या जगाचेच मागणे आहे, आणि त्यात खळांना नष्ट करण्याऐवजी त्यांची व्यंकटी, म्हणजे दुष्टपणा, सांडावी असे मागितलेले आहे, ही तपशिलाची बाब फार थोडे जण लक्षात घेतात.

आता प्रत्यक्ष विज्ञानकथेविषयी. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली आणि बक्षीसपात्र ठरली. लेखक निघाले जयंत विष्णू नारळीकर; आपल्या नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून टोपणनाव घेतले होते. पुढे 2021 साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, म्हणजे ज्या प्रकाराकडे एकेकाळी पोरखेळ म्हणून पाहिले जाई त्याला मराठी साहित्याने मधल्या खोलीत बसायला जागा दिली.

तुमच्या गटाने त्यांची 'वामन परत न आला' ही कादंबरी जरूर वाचावी. जमिनीखाली सापडलेल्या एका प्राचीन पण प्रगत संस्कृतीच्या ठेव्यातून ज्ञान मिळते, त्यातून वामन नावाचा बुद्धिमान यंत्रमानव घडतो, आणि तो आपल्यासारखे आणखी घडवू लागला तर माणसाचे काय होणार, हा पेच उभा राहतो. लहान दिसणारा, नम्रपणे थोडेसेच मागणारा आणि एकदा मागणे मान्य झाले की सारे व्यापणारा: पुराणातला बटू इथे यंत्र होऊन आला आहे. ही गोष्ट परदेशी वाचकाला नुसती यंत्रमानवाची वाटेल. बळीची कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला मात्र शीर्षकापासूनच कळते की, दान देणारा या वेळी कोण आहे. ओवाळणीच्या वेळी आपण बळी परत यावा म्हणतो, आणि ही कादंबरी वामन परत येऊ नये म्हणते. मागणी एकच आहे, बाजू मात्र वेगळ्या टोकाने धरली आहे.

गटातल्या मंडळींना आणखी एक वाचायला सांगा. बंगालमधील बेगम रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा 1905 साली मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात आली. त्यात स्त्रिया राज्य चालवतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात, आणि पुरुष जनानखान्याऐवजी मर्दानखान्यात बंद असतात. एकशे वीस वर्षांपूर्वी पडद्यात राहणाऱ्या समाजातून आलेले हे स्वप्न कोणत्या पाश्चात्त्याकडून उचलले, ते त्या ठाम मित्राला जरूर विचारा.

प्रश्न : मराठी चित्रपटात लोकसंस्कृती म्हणजे जत्रा, लावणी आणि गोंधळ एवढेच दाखवतात. ती कथेचा भाग होत नाही, सजावट होते. तुम्हाला तसे वाटत नाही का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : बऱ्याच चित्रपटांबद्दल वाटते. पण नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' आठवून पाहा. त्यातला जब्या काळी चिमणी धरायला रानोमाळ हिंडतो, कारण तिला जाळून ती राख शालूवर टाकली की शालू आपल्यावर प्रेम करू लागेल, असे त्याला सांगण्यात आले आहे. ही एक लोकसमजूत, आणि संपूर्ण चित्रपटाचा कणा तीच आहे. कैकाडी कुटुंबातल्या या मुलाला जातीची भिंत ओलांडायची आहे; शाळा, पुस्तक किंवा कायदा ती ओलांडून देईल असा भरवसा त्याच्या भोवतालाने त्याला दिलेला नाही, म्हणून त्याच्याजवळ असलेले एकमेव साधन तो वापरतो. मेलेले डुक्कर काठीला बांधून नेणाऱ्या जब्याच्या घरच्यांमागे शाळेच्या भिंतीवर फुले, आंबेडकर, शाहू आणि गाडगेबाबा यांची चित्रे दिसतात. दिग्दर्शकाने तिथे एक शब्दही बोलायला लावलेला नाही. भिंतीवरच्या माणसांनी मागितलेला काळ आणि भिंतीपुढून चाललेला काळ यांतले अंतर प्रेक्षकानेच मोजायचे आहे.

जत्राही त्या चित्रपटात आहे, आणि तीत जब्याला डोक्यावर दिव्याची बत्ती घेऊन उभे राहावे लागते. ज्या मुलीसमोर नवे कपडे घालून मिरवायचे, तिच्याच डोळ्यांसमोर तो मिरवणुकीला उजेड देणारा खांब होतो. सजावट आणि कथा यांतला भेद इथे कळतो: जत्रा कुणी पाहिली यापेक्षा जत्रेत बत्ती कुणाच्या डोक्यावर होती, हे दिग्दर्शकाने विचारले.

प्रश्न : आजीकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायच्या आहेत. ती दर वेळी थोड्या वेगळ्या म्हणते. शुद्ध पाठ कोणता धरावा? (एक वाचिका, मुळशी)

उत्तर : सगळे धरावेत. मुळशीचा डोंगरी भाग ओव्यांसाठी अभ्यासकांना चांगलाच परिचित आहे; हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी सुरू केलेल्या संकलनात महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आणि त्या गाणाऱ्या बायांच्या नावानिशी ठेवल्या गेल्या. तीच पद्धत तुम्हीही पाळा. आजीला ध्वनिमुद्रण करू का असे आधी विचारा, तिचा उच्चार सुधारू नका, आणि प्रत्येक ओवीपुढे ती कुणाकडून शिकली, माहेरी की सासरी, आणि कोणत्या कामाच्या वेळी म्हणत असे, ते लिहा. सीतेच्या वनवासाच्या ओव्या तिला येत असतील तर त्या आधी घ्या; रामाला जे कुणी ग्रंथात ऐकवले नाही, ते बायांनी जात्यावर ऐकवलेले आहे. आणि जाते नसले तरी हात फिरवायला काहीतरी द्या, कारण रिकाम्या हाताने बसून ओवी आठवत नाही, असे म्हाताऱ्या बायकाच सांगतात.