समाचाराला जा, समाचार घ्यायला नको

जय ख्रिस्त ताई. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चुलतभावाच्या १४ वर्षांच्या मुलाला ब्लड कॅन्सर निघालाय, ए.एल.एल. नावाचा, परळला टाटा हॉस्पिटलमध्ये केमो सुरू झालीय, रविवारी उपासना झाली की मंडळीतले (चर्चमधले) आठ-नऊ जण घेऊन प्रार्थनेला जायचं तुमच्या मनात आहे, पण वहिनी फोनवर नुसतं "बघू" म्हणाल्या आणि तुम्हाला ते लागलं. मला विचाराल तर वहिनींचं बरोबर आहे.

बायबलमधलं, मत्तय २५ मधलं येशूचं वाक्य आपल्या सगळ्यांना पाठ असतं, मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या समाचाराला आलात. पण मराठीत समाचाराला जाणं वेगळं आणि समाचार घेणं वेगळं, आणि आपण जातो पहिल्यासाठी पण करून येतो दुसरं. आधी लक्षात कसं नाही आलं, बाहेरचं खायला देत होतात का, आमच्या अमक्याचं पण असंच झालं होतं... त्या आईला आधीच झोप नाही आणि त्यात हे.

मी स्वतः केलंय म्हणून बोलतोय. माझा पुतण्या ११ वर्षांचा होता तेव्हा त्यालाही हेच झालं, पुण्यात होता. मी पहिल्याच आठवड्यात द्राक्षं, गुलाबाचा गुच्छ, दोन मामा आणि एक आत्या असा लवाजमा घेऊन हजर. सिस्टरने दारातच अडवलं, तेव्हा रागच आला मला. नंतर कळलं की केमोमुळे पांढऱ्या पेशी इतक्या खाली येतात की फुलांवरची बुरशी, नीट न धुतलेलं फळ, माझी साधी सर्दी, ह्यातलं काहीही पोराला महागात पडू शकतं. शेवटी मास्क लावून एकट्याला आत सोडलं, तर मी आत जाऊन बोललो काय, "देवाची इच्छा असते बाळा." तो माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे देवानेच केलं का हे काका?" मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आलो आणि जिन्यात उभा राहिलो. खरं तर योहान ९ मध्ये शिष्य हेच विचारतात ना, हा आंधळा जन्मला ते पाप कोणाचं, ह्याचं का ह्याच्या आईबापाचं, आणि येशू सरळ सांगतो, ह्याचंही नाही आणि आईबापाचंही नाही. एवढं तरी सुचायला हवं होतं. बायबलमधला ईयोब, सगळं गमावून आजारी पडलेला, त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोपर्यंत सगळं ठीक होतं बघा, तोंड उघडलं आणि बिघडलं.

आता आठ-नऊ जणांचं. येशूने मरणातून उठवलेली याईराची मुलगी आठवा, बारा वर्षांची, म्हणजे तुमच्या भाच्याच्याच आगेमागे. येशूने त्या घरातली सगळी गर्दी बाहेर काढली, आत फक्त आईबाप आणि पेत्र, याकोब, योहान. आणि ती उठल्यावर काय सांगितलं, तर हिला काहीतरी खायला द्या! आत मोजकीच माणसं, हा व्हिजिटर पासचा नियम वाचून मला हमखास तेच आठवतं. तर एकटेच जा, फार तर पाळकसाहेबांना घेऊन, तेही वहिनींना विचारूनच (याकोबाच्या पत्रात पण आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना, बोलवावं असंच आहे, बोलवावं, म्हणजे आमंत्रण त्याच्याकडून). प्रार्थना करू का हे त्या मुलालाच विचारा, १४ वर्षांचा आहे, नाही म्हणाला तर घरी येऊन करा, पोचते. हो म्हणाला तर दोन मिनिटांत, हळू आवाजात, शेजारच्या खाटेवरही कुणाचं तरी लेकरू आहे. टाळ्या वाजवून गाणी वॉर्डात नकोत. त्याच्याशी क्रिकेट बोला, मोबाईलवर गेम खेळा आणि हरा. स्टेरॉइडमुळे चेहरा सुजलेला असेल, केस जातील, चिडचिड करेल, त्यावर काही बोलू नका. भूक तर अशी की आमचा पुतण्या रात्री दोन वाजता वरणभात मागायचा.

मग बाकीच्या आठ जणांनी काय करायचं? प्लेटलेट द्यायच्या, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तातल्या पेशी, केमोत त्याही कमी होतात. त्या पाचच दिवस टिकतात, भरून ठेवता येत नाहीत, म्हणून ऐनवेळी धावाधाव होते. मशीनवर तासदीड तास जातो, बाकी रक्त तुम्हाला परत मिळतं. आणि इथे खरी मजा आहे, जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांनी देण्याआधी डॉक्टरांना विचारावं लागतं, कारण पुढे बोनमॅरो ट्रान्सप्लांटची (दुसऱ्याचा अस्थिमज्जा देण्याची) वेळ आली तर ते अडचणीचं होऊ शकतं. म्हणजे जिथे सख्खा मामा चालेलच असं नाही तिथे मंडळीतला परका भाऊ चालतो. मी हे आमच्या युवक संघात सांगितलं तेव्हा पोरांनी लगेच वहीत ब्लड ग्रुप आणि फोन नंबर लिहून दिले, ती वही वर्षभर वापरली.

आणि एक, घाई करू नका. ही ट्रीटमेंट दोन-अडीच वर्षं चालते. पहिल्या महिन्यात अख्खं गाव येतं, आठव्या महिन्यात कोणी नसतं, तेव्हा तुमचा भाऊ पैशाच्या आणि रजेच्या हिशोबात एकटा अडकलेला असेल. खोलीभाड्याचं जड जात असेल तर तिथल्या सोशल वर्करना सेंट ज्यूडच्या सेंटरबद्दल विचारायला सांगा, बाहेरगावच्या कॅन्सरच्या मुलांना आणि आईबापांना ते फुकट राहायला देतात, पण जागेसाठी नंबर लागतो. तुम्ही एक रात्र थांबून वहिनींना अंघोळ आणि झोप मिळवून दिलीत तर त्यांचं "बघू" बदलेल असं मला वाटतं.

जाताना फुलं नको, फळं नको. लांब वायरचा चार्जर न्या, वॉर्डात प्लग कायम खाटेपासून लांबच असतो.