लिम्फ नोडसाठी (लसिका गाठींसाठी) नॅनोपार्टिकल बनवतेयस ना, आधी साइज बघ

अगं, तू पहिल्याच आठवड्यात डाय किती चमकतो याच्या मागे लागलीयस, पण आधी कणांची साइज सांभाळ. नुसता आयसीजी (इंडोसायनिन ग्रीन, नोड चमकवून दाखवणारा आपला डाय) खूप छोटा रेणू, तो पहिल्या नोडमध्ये नीट थांबत नाही, पुढे वाहत जातो, आणि सर्जनला तर पहिलाच म्हणजे सेंटिनल नोड हवा असतो, कारण ब्रेस्ट कॅन्सर पसरला तर बहुतेकदा आधी तिथेच सापडतो आणि तो क्लिअर निघाला की काखेतल्या बाकीच्या गाठी सहसा काढाव्या लागत नाहीत, पेशंटचा हात सुजायचा धोका खूप कमी होतो. हे डोक्यात ठेवूनच काम कर. म्हणून डाय लिपिडच्या, म्हणजे चरबीसारख्या रेणूंच्या, कणांमध्ये बसवायचा. साधारण 10 ते 100 नॅनोमीटर ठेव, त्याहून बारीक कण रक्तात शिरतात, मोठे इंजेक्शनच्या जागीच अडकून बसतात.

एक्सट्रूजनला, म्हणजे कण बारीक छिद्रांच्या मेम्ब्रेनमधून दाबून काढायला, घाई नको. गढूळ सोल्युशन मेम्ब्रेनमधून दहा-पंधरा वेळा काढलं की हळूहळू स्वच्छ हिरवं दिसायला लागतं. मग डीएलएस, म्हणजे प्रकाश टाकून कणांची साइज मोजायची, आणि नुसती सरासरी नको, पीडीआय, म्हणजे साइज किती एकसारखी आहे, ते पण बघ.

डाय जास्त कोंबू नकोस, रेणू फार जवळ आले की सिग्नल उलट विझतो. आणि वायलला फॉइल लावच! मी एकदा रात्रभर उघडी विसरले, सकाळी रंग उतरलेला, अख्खा प्रयोग रद्द करावा लागला, फार वाईट वाटलं होतं. शेजारी तुलनेसाठी नुसत्या आयसीजीचा कंट्रोल घे, तोच डोस.