उजेड सहा तास, मग फिरायचं कधी? : हिवाळ्यातल्या स्कँडिनेव्हियाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सहज लिहून गेले की लेकीकडे स्टॉकहोमला दोन वर्षं डिसेंबर काढून आले, तर तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅप थांबेना. निम्म्या सातारा-सांगलीला यंदा बर्फ बघायचाय असं दिसतंय. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून सहा प्रश्न निवडलेत. नावं मुद्दाम गाळलीत, गावं ठेवलीत.

ताई, बँकेतून रिटायर झालो. मी आणि मिसेस दोघंच. टूरवाल्यानं २० ते २९ डिसेंबर असा कार्यक्रम दिलाय, कोपनहेगन, ऑस्लो, स्टॉकहोम आणि हेलसिंकी, नऊ रात्रींत चारी राजधान्या. पैसे भरू का? (सातारा)

नका भरू. निदान असा कार्यक्रम असेल तर नकाच.

काका, तिकडं थंडीचा प्रॉब्लेम नाही, उजेडाचा आहे, आणि हे टूरवाले सांगत नाहीत. २१ डिसेंबरच्या आसपास स्टॉकहोमला सूर्य पावणेनऊला उगवतो आणि दुपारी पावणेतीनच्या सुमाराला मावळतो, ऑस्लोला दिवस त्याहून थोडा लहानच, कोपनहेगनला सात तास. आपल्याकडे त्याच दिवशी अकरा तास ऊन असतं. आणि ऊन तरी कसलं, स्टॉकहोमला भर बारा वाजता सूर्य क्षितिजापासून फक्त सात अंश वर, म्हणजे आपण संध्याकाळी साडेपाचला गच्चीवरचे कपडे काढायला जातो तेव्हा असतो ना, तेवढाच. आता या सहा तासांत तुम्ही हॉटेल सोडणार, बॅगा ओढत एअरपोर्टला जाणार, दुसऱ्या शहरात उतरणार, की झाला दिवस. असे तीन दिवस नुसते हलण्यात जातात. चार शहरं बघितली म्हणून सांगाल, पण बघितलेले असतील चार एअरपोर्ट.

दुसरं, त्यांचा ख्रिसमस २४ तारखेच्या संध्याकाळी असतो, २५ च्या सकाळी नाही. २४ ला दुपारनंतर दुकानं बंद, म्युझियमं बरीचशी बंद, २५ लाही तेच. जो तो घरी. बंदच्या दिवशी एसटी स्टँडवर उतरल्यासारखं होतं, आम्ही पहिल्या वर्षी लेकीच्या घरी होतो म्हणून निभावलं.

तुम्ही रिटायर आहात, शाळेच्या सुट्टीचं बंधन नाही, मग ५ ते १५ डिसेंबर जा की! कोपनहेगन चार रात्री, स्टॉकहोम पाच. मधे ट्रेन, पाच तासांची. ती खिडकीत बसून जाण्यासारखी आहे, कारण डेन्मार्क सोडताना गाडी आधी समुद्राखालच्या चार किलोमीटरच्या बोगद्यात शिरते, मग माणसानं भर घालून केलेल्या एका बेटावर वर येते आणि तिथनं जवळजवळ आठ किलोमीटरच्या पुलावरनं स्वीडनमध्ये. सबंध पूलच का नाही बांधला? तर कोपनहेगनचा एअरपोर्ट अगदी शेजारी आहे, विमानांना आडवं आलं असतं. २००० साली सुरू झालं हे. सकाळची गाडी घ्या, नाहीतर काळोखात काय दिसणार डोंबल.

या तारखांना बाजार, रोषणाई सगळं चालू असतं. कोपनहेगनचं तिवोली, १८४३ पासूनची बाग आहे ती, ख्रिसमससाठी नोव्हेंबरच्या मध्यापासून उघडी असते आणि दिवे लागल्यावरच जायचं तिथं. न्यूहाउनची, म्हणजे जुन्या धक्क्याकाठची, रंगीत घरं मात्र सकाळी अकराला. राउंड टॉवरला मिसेसचे गुडघे दुखत असतील तरी चालेल, पायऱ्या जवळजवळ नाहीतच, गोल गोल चढण आहे, शेवटी थोड्याशा पायऱ्या. लिटल मर्मेड या जलपरीच्या पुतळ्याला गेलात तर फार अपेक्षा ठेवू नका, सव्वा मीटरची मूर्ती आहे, आमच्या ह्यांनी विचारलं होतं, "मोठी कुठाय?"

स्टॉकहोममध्ये तीन वाजता अंधार पडला की मेट्रोत शिरा. हे मी गंमतीनं सांगत नाही. शंभर स्टेशनं आहेत आणि त्यातल्या नव्वदच्या वर स्टेशनांवर चित्रं, शिल्पं, कसलं ना कसलं काम आहे. टी-सेंट्रालेनला निळ्या वेली, सोल्नाला छत सगळं लालभडक, खडक तसाच ठेवून रंगवलेला, वेरूळच्या लेण्यात कुणीतरी लोकल सोडलीय असं वाटतं. एक तिकीट ७५ मिनिटं चालतं, उतरा, बघा, पुढची गाडी पकडा. उबदार पण असतं.

आणि १३ तारखेला लूसियाचा सण. पहाटेच्या अंधारात पांढऱ्या झग्यातल्या मुली, पुढची डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालून, गात येतात. घराघरांच्या खिडक्यांत त्या महिन्यात कागदी चांदण्या टांगलेल्या असतात, आत दिवा. अगदी आपला आकाशकंदील. पहिल्या संध्याकाळी ते बघितलं आणि मला एकदम आपल्या पेठेतली दिवाळी आठवली.

हेलसिंकी हवंच असेल तर स्टॉकहोमहून रात्रीचं जहाज असतं, संध्याकाळच्या आत सुटतं, सकाळी दहाच्या सुमाराला पोचवतं, झोपायची केबिन असते. असं हललं तर उजेड वाया जात नाही. फिनलंडला तिकडचे लोक स्कँडिनेव्हियात धरत नाहीत हा भाग वेगळा.

स्टॉकहोममधून नॉर्दर्न लाइट्स दिसतात ना? मुलांना तसं प्रॉमिस केलंय. (कराड)

प्रॉमिस मागे घ्या किंवा बजेट वाढवा. आकाशातले ते हिरवट पट्टे क्वचित कधी तिथनं दिसतात, पण त्याच्या भरवशावर जायचं नाही. त्यासाठी उत्तरेला, आर्क्टिक सर्कलच्या वर जावं लागतं. नॉर्वेतलं ट्रॉम्सो प्रसिद्ध आहे, ऑस्लोहून विमानानं दोन तास, पण नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथं सूर्य उगवतच नाही हे मुलांना आधी सांगा, दुपारी फक्त निळसर उजेड येऊन जातो. आणि समुद्राकाठचं गाव, ढग आले की संपलं.

मला विचाराल तर स्वीडनमधलं आबिस्को. पश्चिमेचे ढग नॉर्वेच्या डोंगरांवर रिकामे होतात आणि आबिस्को पडतं पलीकडे, पर्जन्यछायेत. म्हणजे तिकडचं माण-खटावच म्हणा. महाबळेश्वर भिजतं आणि दहिवडी कोरडी, तोच हिशोब. आपल्याकडे त्याचा दुष्काळ होतो, त्यांच्याकडे टुरिझम. स्टॉकहोमहून रात्रीची ट्रेन जाते, स्लीपर असतो. तीन रात्री तरी ठेवा.

आम्ही दरवर्षी वेण्णा लेकला दव गोठलं की बघायला जातो, एक स्वेटर आणि मफलर पुरतो. तिकडं काय उणे वीस असतं का? काय काय घ्यायचं? (वाई)

उणे वीस वगैरे नाही ओ, या शहरांत तरी रोजचं नाही. डिसेंबरात कोपनहेगन शून्याच्या थोडं वर, स्टॉकहोम शून्याच्या आगेमागे, ऑस्लो त्याच्या थोडं खाली. त्रास होतो तो ओल्या वाऱ्याचा.

पहिल्या वर्षी मी काय केलं सांगते. पुण्यातनं एक गादीसारखं जाड जॅकेट आणलं, आत नेहमीचे कॉटनचे कपडे आणि पायात मॉर्निंग वॉकचे बूट. दुकानात, बसमध्ये, म्युझियममध्ये सगळीकडं हीटर, घाम आला, कॉटन भिजलं, बाहेर आले की तेच ओलं कापड अंगाला चिकटून कुडकुडायला लागले. कॉटन एकदा भिजलं की ऊब देत नाही. लोकर भिजली तरी देते, हे आपल्या माणदेशातल्या कुठल्याही मेंढपाळाला विचारा, भर पावसात खांद्यावर घोंगडं टाकून तो उभा असतो ते उगाच नाही. तेव्हा आत अंगालगत पातळ लोकरीचे थर्मल, त्यावर फ्लीस किंवा स्वेटर, त्यावर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. तीन पातळ थर, एक जाड नाही. आत गेलं की काढायचे, कोट अडकवायला सगळीकडं सोय असते.

आणि बूट! पैसे वाचवायचे तर दुसऱ्या कशावर वाचवा. गामला स्तान म्हणजे स्टॉकहोमचं जुनं गाव, उतारावरच्या गल्ल्या, दगडी फरशी. दिवसा बर्फ जरा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि सकाळी त्याची काच झालेली असते, दिसतही नाही. मी त्यावर अशी काही आपटले की मनगट तीन आठवडे सुजलेलं, आणि मागून येणाऱ्या ऐंशीच्या आजी टक टक करत पुढं निघून गेल्या. त्यांच्या बुटाखाली रबरात बसवलेले खिळे होते. ते तिथं दुकानात मिळतात, बुटावर चढवायचे, आत जाताना काढायचे. पहिल्या दिवशी पहिलं काम तेच करा. चालताना पावसात बांधावरनं चालतो तसं, छोटी पावलं. भिंतीला चिकटून चालू नका, छपरावरनं बर्फ कोसळतो, तशा पाट्या लावलेल्या असतात.

ऑस्लोच्या ऑपेराच्या छपरावर चालत जाता येतं हे तुम्ही वाचलं असेल, पांढऱ्या संगमरवराचा तो उतार आहे. हिवाळ्यात निसरडा असला तर खालूनच फोटो काढा, लाज वाटायचं कारण नाही.

आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी मरणार का? (मिरज)

मरणार नाही, खिसा मात्र रिकामा होईल. स्वीडनमध्ये वर्किंग डेला दुपारी रोजचं लंच असतं, त्यातच सॅलड, ब्रेड, कॉफी येते आणि रात्रीच्या जेवणापेक्षा बरंच स्वस्त पडतं, म्हणून मोठं जेवण दुपारी करा. "व्हेजिटेरियन" सांगितलं तर मला दोनदा विचारलं की मासा चालेल का, तेव्हापासून "वेगन" सांगते, वाद नको. चीजमध्ये दूध फाडायला वापरलेलं वासराच्या पोटातलं रेनेट असू शकतं, कडक पाळत असाल तर लेबल बघा. पाणी विकत घेऊ नका, नळाचं उत्तम असतं.

आता दोन गमती. कोपनहेगनच्या बाजारात एब्लेस्कीव्हर म्हणून गोल गोल काहीतरी तव्यातनं काढत होते, वर पिठीसाखर, बाजूला जॅम. जवळ जाऊन बघते तर तवा म्हणजे हुबेहूब आपलं आप्पेपात्र, बिडाचं, खळग्या खळग्यांचं, आणि बाई सुईनं ते उलटवत होत्या, आपण आप्पे उलटवतो तसेच. अंडं असतं त्यात, तेवढं लक्षात ठेवा.

दुसरी, नॉर्वेचं ब्रुनोस्ट, तपकिरी चीज. चीज करून उरलेलं पाणी (आपण पनीर केल्यावर उरतं ना ते) साय-दूध घालून आटवत आटवत तपकिरी होईपर्यंत नेतात, दुधातली साखर भाजली जाते. साताऱ्याचा कंदी पेढा खरपूस लागतो तो खवा भाजल्यामुळेच की! ऑस्लोत पहिला तुकडा तोंडात टाकला आणि मी ह्यांना म्हटलं, "अहो, पेढा. मीठ पडलेला." ते पातळ कापून गरम वॉफलवर ठेवून खायचं.

एकच म्युझियम बघायचं तर कुठलं? आणि व्हिसा, पैसे यांचं थोडक्यात सांगा. (विश्रामबाग, सांगली)

स्टॉकहोमचं वासा. दुसरं नाव घेणार नाही.

१६२८ सालचं स्वीडनच्या राजाचं युद्धजहाज, ६४ तोफा, तोफांचे दोन मजले, वर कोरीवकाम. १० ऑगस्टला धक्क्यावरनं निघालं आणि जेमतेम तेराशे मीटर जाऊन, किनाऱ्यावर सगळं गाव बघत असताना बुडालं. वरचा भार जास्त, खाली वजन कमी, वाऱ्याचा झोत आला, कललं आणि तोफांच्या उघड्या खिडक्यांतनं पाणी आत. कळलं नव्हतं असंही नाही, आधी तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेला पळवून बघितलं होतं, जहाज इतकं डुलायला लागलं की टेस्टच थांबवली. आणि तरी सोडलं. चौकशी झाली, शिक्षा कुणालाच नाही. हे वाचून आमचे हे जे हसायला लागले!

३३३ वर्षांनी, १९६१ ला वर काढलं, आणि लाकूड जवळजवळ सगळं मूळचं. कारण बाल्टिकचं पाणी कमी खारट, लाकूड पोखरणारा समुद्री किडा त्यात जगत नाही. मग वाळून तडकू नये म्हणून सतरा वर्षं त्यावर रसायन फवारत होते. आत मुद्दाम अंधूक ठेवलंय, दारातनं शिरलं की काळं जहाज अंगावर येतं, ६९ मीटर लांब. कृष्णेतल्या होड्या बघून मोठी झालेली मी, दहा मिनिटं नुसती उभी होते. अंधार पडल्यावर जा, दिवसाचा उजेड इथं घालवू नका.

व्हिसा शेंगेन, एकच, डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन तिन्ही देशांना चालतो, नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नसला तरी. जास्त रात्री जिथं, त्या देशाकडे अर्ज, रात्री सारख्या असतील तर जिथं आधी उतरणार तिथं. सहा महिने आधीपासून भरता येतो, शेवटच्या पंधरा दिवसांत नाही. फी मोठ्यांना ९० युरो, विमा ३०,००० युरोचा लागतो. पैशाचं म्हणाल तर तिघांचाही क्रोनच पण तीन वेगळे, एकाचा दुसरीकडं चालत नाही. नोटा घेऊच नका, स्वीडनमध्ये कॅश घेत नाही अशा पाट्या असतात, टॉयलेटलाही कार्ड. दोन कार्डं न्या, दोन खिशांत.

मुलाच्या स्वीडिश साहेबांनी घरी बोलावलंय. साताऱ्याचे पेढे नेऊ का? (तासगाव)

पेढे नाही. बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत तिकडं, एअरपोर्टवर काढून घेतील. आणि वेळ सहाची दिली असेल तर सहा म्हणजे सहा, दारात बूट काढायचे, हे तुम्हाला वेगळं शिकवायला नको.

तुम्ही तासगावचे असून मला काय विचारता? बेदाणे न्या. डिसेंबरात तिकडं पाहुण्याला ग्लॉग देतात, गरम केलेली मसालेदार वाइन, दालचिनी-वेलदोडा घातलेली, बिनदारूचीही मिळते, आणि छोट्या कपात ती ओतायच्या आधी तळाशी काय टाकतात? सोललेले बदाम आणि बेदाणे. मी गेल्या वर्षी अर्धा किलो नेले होते. यजमानीणबाईंनी स्वतःची बरणी बाजूला ठेवली, आपले हिरवे बेदाणे कपात टाकले, ग्लॉग संपल्यावर फुगलेले ते चमच्यानं काढून खाल्ले आणि पिशवीवरचं "तासगाव" कसं म्हणायचं ते दोनदा विचारून घेतलं.