वाढत्या मापाचं व्हायोलिन

सप्टेंबर उजाडला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. इथे न्यू जर्सीत शाळा सुरू होतात, चौथीतली मुलं शाळेच्या ऑर्केस्ट्रात नाव घालतात, वाद्यं भाड्याने देणाऱ्या दुकानाचा कागद दप्तरातून घरी येतो आणि आपली माणसं विचारतात, "ताई, महिन्याच्या महिन्याला भाडं भरत बसण्यापेक्षा एकदाच विकत घेऊन टाकलं तर काय बिघडलं? आणि घ्यायचंच तर जरा मोठं घ्यावं, म्हणजे चार वर्षं बघायला नको."

मी कुटुंबांचं समुपदेशन करते, वाद्यांचा धंदा माझा नाही. तरी या प्रश्नाला मी कधीच दोन वाक्यांत वाटेला लावत नाही. त्याचं कारण एक मुलगी आहे. तिच्या घरच्यांच्या परवानगीने सांगते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी नऊ वर्षांची. डिसेंबरात आई तिला घेऊन आली. तक्रार अशी की सरावाचं नाव काढलं की हिच्या पोटात दुखतं. व्हायोलिन हिनेच मागून घेतलेलं. पहिले दोन आठवडे झोपतानाही ते उशाशी ठेवायची. आता रोज संध्याकाळी रडारड. बाबांचं निदान तयार होतं: "चिकाटी नाही. आधी स्विमिंग सोडलं, आता हे. आम्ही १७० डॉलर घालून विकत घेतलं आणि हिला किंमत नाही."

पहिल्या दोन भेटींत मी चुकले, हे आधीच सांगून टाकते. मला ती कार्यक्रमाची भीती वाटली. जानेवारीत शाळेचा कार्यक्रम होता, म्हणून मी तिला श्वासाचे व्यायाम शिकवले, पोटातल्या दुखण्याचं चित्र काढायला लावलं. तिने गुणी मुलीसारखं सगळं केलं. फरक काही पडला नाही.

तिसऱ्या भेटीला मी म्हटलं, व्हायोलिन घेऊन ये. मला ऐकायचंय.

तिने पेटी उघडली, बो म्हणजे वाजवायचा गज ताणला, व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि खोलीत इकडेतिकडे बघितलं. मग माझ्या पुस्तकांच्या कपाटाजवळ गेली आणि व्हायोलिनचं टोक फळीच्या कडेला टेकवून उभी राहिली. डावा हात कोपरापासून पार ताठ, मनगट आत मुडपलेलं, खांदा कानाला लागलेला. दोन ओळी वाजवल्या. चौथा स्वर आला की करंगळी ताणायची, पोचायची नाही, मग सगळा पंजाच पुढे सरकवायची आणि स्वर घसरायचा.

"घरी पण अशीच वाजवतेस?"

"घरी फ्रिजपाशी. तिथे टेकवता येतं."

"हात दुखतो?"

मान हलवली. बाईंना सांगितलंस का, विचारलं तर तिने पेटीतला छोटा कप्पा उघडला. रोझिनच्या, म्हणजे बोला लावायच्या राळेच्या, वडीखाली चार घड्या घातलेला एक कागद होता. ऑक्टोबरातली चिठ्ठी, ऑर्केस्ट्राच्या बाईंची: तुमच्या मुलीला अर्ध्या मापाचं व्हायोलिन हवं, हे पाऊण मापाचं आहे, कृपया बदलून घ्या. चिठ्ठी घरी दाखवलीच नव्हती.

"बाबा म्हणाले होते, तू वाढशील तसं ते बसेल," ती म्हणाली. "म्हणून मी लवकर वाढायचा प्रयत्न करतेय. रोज रिसेसमध्ये मंकी बारला लटकते. त्याने हात लांब होतात ना, मावशी?"

इतकी वर्षं हे काम करते आहे, पण त्या वाक्याला मला लगेच उत्तर सुचलं नाही.

मापाचं थोडं सांगायला हवं, कारण पुष्कळ पालकांना ते कुणी सांगतच नाही. व्हायोलिन पाव, अर्धं, पाऊण आणि पूर्ण अशा मापांत येतं. पावाच्या खालीही आणखी लहान मापं असतात, अगदी तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी. नावं अपूर्णांकांची असली तरी अर्धं म्हणजे लांबीने निम्मं नव्हे. पूर्ण व्हायोलिनचं नुसतं धड १४ इंचांच्या आसपास असतं, पाऊणचं साधारण १३, अर्ध्याचं १२ ते साडेबारा. एका इंचाने काय होतंय, असं वाटतं ना? पण माप वाढलं की तारा लांबतात आणि स्वरांमधलं अंतरही वाढतं. नऊ वर्षांच्या करंगळीला तो एक इंच फार मोठा असतो. वय बघून माप ठरत नाही, हात बघून ठरतं. मुलाने व्हायोलिन खांद्यावर धरायचं आणि डावा हात खालून पुढे न्यायचा. टोकाचा वळलेला भाग, ज्याला स्क्रोल म्हणतात, तो तळहातात मावला पाहिजे, बोटं त्याभोवती सहज वळली पाहिजेत आणि एवढं करूनही कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे. कोपर ताठ झालं की वाद्य मोठं. आमच्या मुलीचा हात मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंत जेमतेम २० इंच भरला. अर्ध्याचं माप, बाई बरोबरच होत्या.

पुढच्या भेटीला मी आईबाबांना बोलावलं. आजीही आल्या, त्या सहा महिन्यांसाठी इथे होत्या. मुलीच्या संमतीने चिठ्ठी टेबलावर ठेवली. बाबा बराच वेळ ती वाचत होते. तीन ओळींची चिठ्ठी.

"मला वाटलं, दोन वर्षं तरी चालेल," ते म्हणाले. "आम्हाला शाळेचा शर्ट असाच घ्यायचे. वाढत्या अंगाचा. बाह्या दुमडायच्या."

"शर्टाच्या बाह्या दुमडता येतात," मी म्हटलं. "व्हायोलिनची मान दुमडता येईल का?"

ते हसले नाहीत. मग जे निघालं ते व्हायोलिनबद्दल नव्हतंच. डोंबिवलीत दोन खोल्या, दर एक तारखेला दारात घरमालक, आणि एक महिना भाडं थकलं तेव्हा मालकाने जिन्यात सगळ्यांसमोर काय ऐकवलं ते. इथे येऊन ११ वर्षांनी स्वतःचं घर घेतलं तेव्हा त्यांनी ठरवलं होतं, माझ्या पोरांच्या हातात भाड्याची वस्तू येणार नाही. पाऊण मापाचं व्हायोलिन विकत घेणं हा त्यांच्या लेखी लाड होता. ती कदर करत नाही असं ते म्हणत होते, त्याच्या मुळाशी हे होतं. आणि मुलगी चिठ्ठी लपवत होती, कारण बाबांचे पैसे वाया गेले असं त्यांना कळू द्यायचं नव्हतं. दोघंही एकमेकांना जपत होते आणि त्यात एक मनगट सुजायच्या बेताला आलं होतं.

‘भाड्याचं’ या शब्दाला आपल्याकडे एक सल आहे. पालक जेव्हा भाड्याविरुद्ध हिशेब मांडतात, तेव्हा मी हिशेबाआधी तो सल कुठला आहे ते विचारते. पण त्या दिवशी माझ्याआधी आजी बोलल्या. त्यांचं माहेर मिरजेचं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यांनी म्हणे सगळ्या नातेवाइकांना फोन केले होते. आजी आपल्या मुलाला म्हणाल्या, "अरे, आमच्याकडे तंबोरासुद्धा गळा विचारून घेतात. गडीमाणसाची गायची पट्टी खालची, काळी एक, बाईची वरची, काळी चार नाहीतर पाच, म्हणून बाईचा तंबोरा बेताचा, पुरुषाचा मोठा. बाईच्या मांडीवर पुरुषी तंबोरा देऊन ‘गा’ म्हणत नाहीत. आणि गणपतीत भजनाला बाजाची पेटी भाड्याची यायची, तर कुणी देवाला सांगितलं का, की सूर भाड्याचा आहे?"

मी त्यात एवढीच भर घातली, की जगातले मोठमोठे व्हायोलिनवादक दुसऱ्याच्या मालकीच्या वाद्यावर वाजवतात. १७३७ साली वारलेल्या स्ट्रॅडिव्हरी या इटालियन कारागिराची व्हायोलिनं आज इतकी महाग आहेत, की वादकाला ती परवडत नाहीत. जपानच्या निप्पॉन म्युझिक फाउंडेशनसारख्या संस्था ती विकत घेऊन वादकांना वापरायला देतात. बाबांनी तिथल्या तिथे फोनवर शोधून खात्री केली. त्यांना अशी खात्री करून घेतलेली बरी वाटते.

मग हिशेब. त्यांच्या भागात भाडं महिन्याला साधारण २५ डॉलर होतं, म्हणजे वर्षाचे ३००. त्यांनी १७०ला विकत घेतलेलं. वरवर त्यांचंच खरं. पण तेच व्हायोलिन दुकानात दाखवल्यावर कारागिराने सांगितलं, की खुंट्या निसटतात, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी नीट कातलेली नाही, तारा बोटांपासून फार उंच आहेत. हे सगळं वाजवण्याजोगं करायला वाद्याच्या किमतीइतकेच पैसे जातील. शिवाय नवव्या वर्षापासून पूर्ण मापापर्यंत पोचेतो मूल आणखी दोनदा वाद्य बदलणार, आणि लहान मापाच्या स्वस्त वाद्याला परत विकताना फारसं कुणी विचारत नाही. भाड्यात माप बदलून मिळतं, दुरुस्ती दुकानाकडे राहते आणि मुलाने खरंच सोडलं तर वाद्य परत करून मोकळं होता येतं. हे शेवटचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. विकत घेतलेल्या वाद्याने कितीतरी घरांत मुलांना गुन्हेगार करून टाकलंय. दिवाणखान्यात ते दिसतं आणि रोज कुणीतरी ‘एवढे पैसे घातले’ म्हणतं.

दुकानात मात्र डोळे मिटून सही करू नये. ‘भाडं भरत राहा, शेवटी वाद्य तुमचं’ ही योजना ऐकायला गोड असते, पण जे तुमचं होणार ते अर्ध्या मापाचं असेल तर तोवर पोरीचा हात पाऊणवर गेलेला असतो. म्हणून पहिला प्रश्न हा, की भरलेल्या भाड्याची जमा रक्कम पुढच्या मापाला आणि शेवटी पूर्ण व्हायोलिनच्या खरेदीला धरता का? काही व्हायोलिनची दुकानं धरतात, काही ठिकाणी ती त्याच एका वाद्यापुरती असते. माप बदलायला वेगळे पैसे पडतात का, मधेच परत केलं तर काय, मोडतोडीच्या संरक्षणात तारा आणि बोचे केस येतात का, हरवलं किंवा चोरीला गेलं तर कोण भरणार, हे कागदावर वाचून घ्यावं. आणि ज्यांना २५ डॉलरही जड आहेत त्यांनी शाळेत सरळ विचारावं. पुष्कळ शाळांकडे उसनी द्यायची वाद्यं असतात, विशेषतः चेलो आणि बाससारखी मोठी. विचारण्यात लाज नाही.

"भाड्याचं म्हणून हेळसांड करेल" ही भीती आईला होती. माझा अनुभव उलटा आहे. आपलेपणा पावतीने येत नाही, हाताळण्याने येतो. आम्ही मुलीला तीन कामं नेमून दिली आणि मोठ्यांनी त्यात हात घालायचा नाही असं ठरवलं: वाजवून झालं की बो सैल करायचा, तारांखाली साचलेली रोझिनची पांढरी भुकटी मऊ फडक्याने पुसायची, आणि उन्हात उभ्या गाडीत व्हायोलिन कधी ठेवायचं नाही, कारण उष्णतेने त्याचा सरस मऊ होऊन जोड उकलतात. ते शेवटचं तिला फार आवडलं. पार्किंगमध्ये ती बाबांना दटावायला लागली.

दुकानात ते तिघं गेले, आजीही. बाबांनी मला नंतर सांगितलं. दुकानदाराने अर्धं व्हायोलिन तिच्या खांद्यावर ठेवलं, तिने हात पुढे केला, बोटं स्क्रोलभोवती वळली आणि कोपर वाकलेलंच राहिलं. तिने सवयीने टेकायला भिंत शोधली, मग थांबली. तिथेच उभी राहून वाजवलं. बाबा म्हणाले, "ताई, मी दुकानाच्या बाहेर जाऊन उभा राहिलो." मी पुढे काही विचारलं नाही.

त्या दिवशी रात्री त्यांनी मुलीची माफी मागितली. काय म्हणायचं ते आम्ही आधी बोललो होतो, कारण ‘मला काय माहीत’ अशी सुरुवात झाली असती. त्यांनी एवढंच म्हटलं: तुझा हात दुखत होता आणि मी ऐकलं नाही, यापुढे बाईंची चिठ्ठी आली तर पैशांची काळजी माझी, चिठ्ठी दाखवायची काळजी तुझी. पोटातलं दुखणं लगेच गेलं असं नाही. जानेवारीच्या कार्यक्रमाआधी पुन्हा एकदा आलं, पण ते साधं, कुणालाही येतं तसं. त्या वेळी श्वासाचे व्यायाम उपयोगी पडले.

सव्वा वर्षाने पाऊण मापाची वेळ आली तेव्हा तिने घरी स्वतःच सांगितलं, करंगळीला आता जागा कमी पडतेय. विकत घेतलेलं पाऊण व्हायोलिन घरातच होतं. बाबांनी विचारलं, ते दुरुस्त करून वापरायचं का? त्यांनी विचारलं, याचं मला फार बरं वाटलं. ती नको म्हणाली. ते व्हायोलिन आता माळ्यावर आहे.

मध्यंतरी ती भेटायला आली होती. उंच झाली आहे. निघताना मी सहज विचारलं, "मंकी बारला लटकतेस का अजून?"

"हो," ती म्हणाली. "पण आता गुडघ्यांनी. उलटी."