पुण्याच्या कंपनीने फोनवर नोकरी पक्की झाल्याचे सांगितले आहे. सोलापुरातील नोकरीचा राजीनामा आताच द्यावा का?

नाही, ऑफर लेटर हातात पडून, त्यातील पगाराचा तपशील तपासून आणि ईमेलने लेखी स्वीकृती कळवून झाल्यावरच राजीनामा द्यावा. चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मनुष्यबळ विभागाचे काम पाहताना माझ्या लक्षात आले आहे की, बहुतेकांची फसगत वार्षिक सीटीसीच्या, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षभरात करणार असलेल्या एकूण खर्चाच्या, आकड्यावरून होते. समजा सीटीसी ४,८०,००० रुपये, म्हणजे महिना ४०,००० आणि मूळ वेतन २०,००० आहे. त्यातून कंपनीच्या व तुमच्या वाट्याचा १२ टक्क्यांनी येणारा भविष्य निर्वाह निधी (प्रत्येकी २,४००), ग्रॅच्युइटीपोटी धरलेले साधारण ९६२ आणि २०० रुपये व्यवसाय कर वजा जाता हाती जेमतेम ३४,००० उरतात, आणि पुण्यातील खोलीभाडे व मेसचा खर्च याच रकमेतून भागवायचा असतो. (सोलापुरात घरचे जेवून हा हिशेब सहसा केला जात नाही.) रकमेबद्दल बोलायचे असल्यास ते स्वीकृतीपूर्वीच बोलावे. स्वीकृतीच्या ईमेलमध्ये एवढे नमूद करावे:

- पद आणि ठरलेली वार्षिक रक्कम
- रुजू होण्याची तारीख, सध्याच्या नोकरीचा नोटीस कालावधी धरून

मात्र ऑफर लेटरमध्ये उत्तराची मुदत दिलेली असेल, तर विचारासाठी दोन-तीन दिवसांची वाढ ती मुदत संपण्यापूर्वीच लेखी मागावी, कारण मुदत उलटल्यावर कंपनी तो प्रस्ताव रद्द झाल्याचे मानू शकते.