‘शासनमान्य’ म्हणजे नेमकी कोणाची मान्यता?

बारावीचा निकाल आणि आंब्याच्या कलमांचे पैसे आपल्याकडे साधारण एकाच सुमाराला हातात येतात. हे नर्सिंगच्या जाहिराती करणाऱ्यांनाही पक्के ठाऊक असते. मे महिना लागला की एसटी स्टँडपासून मासळी बाजारापर्यंत पांढऱ्या टोपीतल्या मुलीचे बॅनर झळकू लागतात. (ती टोपी वॉर्डातून कधीच गेली, बॅनरवर मात्र अजून आहे.) यंदाची बरीचशी पत्रे या बॅनरांबद्दलच आहेत. त्यातली काही निवडून उत्तरे देते.

प्रश्न : मुलीला बारावी आर्ट्सला ५२ टक्के मिळाले. तालुक्याला स्टँडजवळ एक अकॅडमी आहे. एक वर्षाचा ‘डिप्लोमा इन नर्सिंग केअर’, फी ७५ हजार. बॅनरवर ‘शासनमान्य’ आणि ‘१०० टक्के नोकरी’ लिहिलेले आहे. चेडवाचे पैशे फुकट जाऊक नयेत, म्हणून विचारतोय. – एक बागायतदार, कणकवली तालुका

भाऊ, एका वर्षात नर्स होता येत नाही. बारावीनंतर नर्स म्हणून नोंदणी मिळवून देणारे अभ्यासक्रम तीनच : दोन वर्षांचा एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका), तीन वर्षांचा जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवायफरी) आणि चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग. नावात ‘नर्सिंग’ असलेला बाकी कुठलाही कोर्स फार तर मदतनीस घडवतो.

‘शासनमान्य’ हा शब्द खोटाच असतो असे नाही, आणि म्हणूनच तो फसवा आहे. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट म्हणून नोंदलेली असते, किंवा कौशल्य विकासाच्या एखाद्या योजनेत तिचे नाव असते. झाली शासनमान्य! जनरल ड्युटी असिस्टंटसारखा कोर्स मी कमी लेखत नाही. रुग्णाला आंघोळ घालणे, कूस बदलून देणे, भरवणे ही कामे करायला माणसे लागतातच आणि त्यांना पगारही मिळतो. पण त्या प्रमाणपत्रावर जिल्हा परिषदेत आरोग्य सेविका होता येत नाही, सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्सही होता येत नाही. दोन्हीकडे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मागतात.

ही मान्यता मिळते कशी, ते समजून घ्या. अभ्यासक्रम आणि किमान निकष देशपातळीवर ठरतात. १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेली इंडियन नर्सिंग कौन्सिल हे काम करत आली आहे. २०२३ मध्ये संसदेने तिच्या जागी राष्ट्रीय आयोग आणणारा नवा कायदा केला. परीक्षा घेणारे वेगळे. बीएस्सीची परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते, तर एएनएम-जीएनएमची परीक्षा मुंबईचे महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ. पास झाल्यावर रजिस्टरवर नाव चढवते ती महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, १९६६ च्या कायद्याने. आपल्याकडे डॉक्टरांसारखीच नर्सचीही परवान्यासाठी वेगळी परीक्षा नसते. शेवटच्या वर्षाची परीक्षा पास, इंटर्नशिप पूर्ण, की नोंदणी. त्यामुळे मान्यतेचा सगळा भार प्रवेशाच्या दिवशीच पडतो. तिथे चुकलात, तर पुढे परीक्षा देऊन ती चूक भरून काढता येत नाही.

तेव्हा अकॅडमीत जाऊन एकच प्रश्न विचारा : कोर्स संपल्यावर मुलीचे नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरवर कोणत्या पदवीने लागेल? ‘एएनएम’ किंवा ‘जीएनएम’ हा शब्द आला नाही आणि ‘आमचे प्रमाणपत्र भारतभर चालते’ असे काही सुरू झाले, तर चहा पिऊन परत या. हो म्हणाले, तर या वर्षीचे मान्यतेचे पत्र बघायला मागा. त्यावर जागांचा आकडा असतो, तोही बघा. मग कौन्सिलच्या आणि मंडळाच्या यादीत संस्थेचे नाव स्वतः शोधा. सायबर कॅफेत दहा मिनिटांचे काम आहे.

माझ्याकडे एकदा एक मुलगी आली होती. दोन वर्षे घालवली होती आणि हाताने शिवलेल्या पिशवीत सगळी कागदपत्रे लॅमिनेट करून आणली होती. त्यात गुणपत्रिका होती, चारित्र्याचा दाखला होता, निरोप समारंभाचा फोटोसुद्धा होता. फक्त नोंदणीला चालेल असा एकही कागद नव्हता. तिला काय सांगावे ते मला सुचेना. शेवटी तिने पुन्हा पहिल्या वर्षापासून एएनएम केले.

तुमच्या मुलीला आर्ट्समुळे बीएस्सी मिळणार नाही, त्याला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागते. पण एएनएम आणि जीएनएमला शाखेची अट नाही. जीएनएमला ४० टक्के आणि इंग्रजी विषय लागतो, वय १७ पूर्ण लागते. ते तिच्याकडे आहे. पुढे जीएनएमवर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक करून पदवीही घेता येते. वर्ष वाया जाईल या भीतीने एका वर्षाच्या कोर्सला घालू नका.

प्रश्न : मला सीईटीतून बीएस्सी नर्सिंगला जागा मिळतेय, पण त्या कॉलेजला नॅक नाही. मैत्रिणी म्हणतात, नॅक नसेल तर परदेशात डिग्री धरत नाहीत. खरं का? – विद्यार्थिनी, देवगड

बाळ, मैत्रिणींनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या. मान्यता ही सक्तीची असते, ती नसेल तर नोंदणी नाही. नॅकचे मूल्यांकन हा दर्जाचा शिक्का. असला तर चांगलेच, नसला म्हणून तुझी नोंदणी अडत नाही. रुग्णालयाला एनएबीएच हा तसाच दर्जाचा शिक्का असतो, तोही रुग्णालयापुरताच; ‘आमचे हॉस्पिटल एनएबीएच आहे’ म्हणजे कॉलेज मान्य आहे असे होत नाही. अमेरिकेतही हीच विभागणी आहे : राज्याचे नर्सिंग बोर्ड कॉलेजला मान्यता देते आणि एसीईएन किंवा सीसीएनई या संस्था दर्जा तपासतात. भारतात शिकलेल्या मुलीला तिथे नॅकबद्दल सहसा कोणी विचारत नाही. काय शिकलीस, किती तास शिकलीस आणि कुठल्या रजिस्टरवर आहेस, हे विचारतात.

नॅकपेक्षा रुग्णालय बघ. बीएस्सीसाठी कॉलेजचे स्वतःचे १०० खाटांचे रुग्णालय असावे आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत, असा निकष आहे. खाटा कागदावर असतात, रुग्ण नसतात. सकाळी दहाच्या सुमाराला वॉर्डातून एक फेरी मार, चादरी कोऱ्या दिसल्या तर काय ते समज. आमच्या वेळी सिव्हिलच्या प्रसूती कक्षात रात्रपाळीला बसायला जागा मिळायची नाही. तेच शिक्षण.

आणि प्रवेश झाला की विद्यापीठाचा पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक) मिळाला का, ते पहिल्या सत्रातच विचार. मंजूर जागांपेक्षा जास्त मुले भरली असतील तर ते तिथे उघड होते.

प्रश्न : २०१६ साली जीएनएम केले, मुंबईत आठ वर्षे आयसीयूत आहे. एनसीएलईएक्स द्यायची आहे. जीएनएमवाल्यांना बसू देतात का? कोचिंगवाले म्हणतात, आधी फी भरा, मग बघू. – स्टाफ नर्स, मूळ दापोली

कोचिंगची फी शेवटी. आधी पात्रता.

एनसीएलईएक्स-आरएन ही नर्सच्या परवान्याची परीक्षा साऱ्या अमेरिकेत एकच, पण बसू द्यायचे की नाही हे प्रत्येक राज्याचे बोर्ड स्वतंत्रपणे ठरवते. त्यामुळे ‘जीएनएम चालते का’ याला एक उत्तर नाही, ‘कोणत्या राज्याला चालते’ हाच प्रश्न. बोर्ड बघते ते असे : तू पहिल्या दर्जाची सर्वसाधारण नर्स म्हणून मायदेशी नोंदलेली आहेस का, आणि प्रौढ रुग्ण, बालरुग्ण, प्रसूती आणि मानसोपचार या विषयांचे वर्ग आणि वॉर्डातले तास दोन्ही झालेत का. जीएनएमच्या अभ्यासक्रमात हे चारही विषय आहेत. एएनएमला मात्र हा रस्ता नाही.

अडते ते बहुधा तासांवर. काही बोर्डे, त्यात कॅलिफोर्निया प्रसिद्ध आहे, एखाद्या विषयाचा वर्ग आणि त्याची वॉर्डातली ड्युटी एकाच काळात झाली होती का, हे तपासतात. आपल्याकडे बालरोगाचे तास जूनमध्ये आणि पोस्टिंग पुढच्या वर्षी, असे सर्रास चालते. ते तिथे ‘त्रुटी’ म्हणून परत येते. म्हणून कोचिंगआधी कॉलेजला जाऊन विषयवार, तासवार ट्रान्स्क्रिप्ट मिळते का ते बघ. आज मिळेल. क्लार्क निवृत्त झाला आणि रजिस्टर पावसात भिजले की मिळणार नाही. कोकणातल्या पावसाळ्याचा हा अनुभव मला आहे.

पुढे बहुतेक बोर्डे सीजीएफएनएस (२०२५ पासून नाव ट्रूमेरिट) या संस्थेकडून शिक्षणाचे मूल्यमापन मागतात. कॉलेज आणि कौन्सिल यांच्याकडून कागद थेट त्यांना जातात, तुझ्या हातून नाही. बोर्डाने पात्र ठरवले की परीक्षेला बसण्याचे अधिकृत पत्र येते आणि मग भारतातल्याच केंद्रात तारीख घेता येते. परीक्षा संगणकावर, कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास. तुझ्या उत्तराप्रमाणे पुढचा प्रश्न सोपा-अवघड होतो, म्हणून ८५ ला पडदा बंद झाला तर घाबरू नकोस, पास होणाऱ्यांचाही तिथेच बंद होतो. नापास झालीस तर ४५ दिवसांनी पुन्हा.

पण पास होणे म्हणजे अमेरिकेला जाणे नव्हे. त्यानंतर इंग्रजीची परीक्षा, व्हिसास्क्रीन (शिक्षण आणि नोंदणीची व्हिसाआधीची तपासणी) आणि भारतीयांसाठी वर्षानुवर्षांची व्हिसाची रांग. हेच गुण कॅनडात चालतात (२०१५ पासून), ऑस्ट्रेलियातही परदेशी नर्सला हीच परीक्षा आणि तिच्यानंतर प्रात्यक्षिक द्यावे लागते. तेव्हा एकाच दाराकडे डोळे लावून बसू नकोस.

प्रश्न : भाचीला सौदीत पाठवायचे आहे. एजंट म्हणतो, प्रोमेट्रिक आम्ही मॅनेज करू, दोन वर्षांचा अनुभवाचा दाखलाही बनवून देतो. साडेतीन लाख मागतो. – वाचक, खेड

मामू, एवढ्या एका वाक्यात तो माणूस तीन गुन्हे कबूल करतोय.

आखातात आधी डेटाफ्लो होते. पदवी, नोंदणी आणि अनुभव या तिन्हींची पडताळणी ते कॉलेज, कौन्सिल आणि रुग्णालयाला थेट विचारून करतात. ‘बनवलेला’ दाखला तिथेच पडतो, आणि तो शेरा तिच्या नावावर राहतो. प्रोमेट्रिक म्हणतो ती परीक्षा सौदीच्या आरोग्य आयोगाची. ती स्वतःच द्यावी लागते, आणि वॉर्डात नियमित काम केलेल्या मुलीला ती फार अवघडही नाही.

फ्लोरिडातली गोष्ट सांगते. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या तीन नर्सिंग शाळांमधून ७,६०० हून अधिक बनावट पदविका आणि गुणपत्रिका विकल्याचे उघड झाले. २५ जणांवर खटले भरले. विकत घेणाऱ्यांपैकी सुमारे २,४०० जण खरोखर एनसीएलईएक्स पासही झाले होते! तरी ज्यांचे परवाने गेले ते गेलेच, कारण परीक्षेला बसण्याची पात्रताच खोटी होती.

परदेशी भरतीच्या एजंटाने सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घ्यायचे नाही, असा केंद्राचा नियम आहे. त्याचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. आणि नर्सला सौदीसारख्या देशात जायचे तर पासपोर्टवर ईसीआरचा (परदेशी नोकरीसाठी सरकारी मंजुरी आवश्यक असल्याचा) शिक्का नसला तरी त्याच प्रणालीतून मंजुरी लागते. ‘आधी व्हिजिटवर जाऊ दे, तिथे बघू’ म्हणाला तर पोलीस ठाण्याचा रस्ता धरा.

प्रश्न : सावंतवाडीत राहते, गोव्यात नोकरी लागतेय. महाराष्ट्राची नोंदणी चालेल का?

गोव्याची घ्यावी लागेल. नर्सची नोंदणी राज्याची असते, बांदा ओलांडले की दुसरे राज्य. महाराष्ट्र कौन्सिलकडून ना-हरकत घ्या, गोव्यात अर्ज करा. बेळगावला शिकून इकडे येणाऱ्या मुलींना हेच उलट्या दिशेने करावे लागते. रुजू व्हायच्या तारखेच्या आधीच कामाला लागा, या कागदाला वेळ जातो.

प्रश्न : लग्नानंतर आठ वर्षे घरी होते. नोंदणी तशीच पडली आहे. आणि माहेरच्या नावावर आहे. – मालवण

नोंदणी रद्द झाली असे समजून रडत बसू नका. दर पाच वर्षांनी नूतनीकरण असते. राहून गेले तर विलंब शुल्क आणि सततच्या शिक्षणाचे तास भरून ते करून घेता येते. जिल्हा रुग्णालयात किंवा नर्सिंग कॉलेजात कार्यशाळा होतात, त्यांची प्रमाणपत्रे जपा.

नावाचे मात्र आज करा. आपल्याकडे दहावीच्या दाखल्यावर वडिलांचे नाव, आधारवर नवऱ्याचे, पासपोर्टवर तिसरेच. नोकरी इथलीच असेल तर निभावते. परदेशी परीक्षेला ओळखपत्रावरचे नाव आणि अर्जातले नाव अक्षरन्‌अक्षर जुळावे लागते, नाहीतर केंद्राच्या दारातून परत, फी गेली. दोन वाटा आहेत. एक तर राजपत्रात नाव बदलून घ्या, मग कौन्सिल, आधार, पासपोर्ट त्याच क्रमाने. किंवा लग्नानंतरही माहेरचेच नाव सगळीकडे ठेवा. माझ्या विद्यार्थिनींतल्या ज्यांनी दुसरी वाट धरली त्यांचे काम लवकर झाले. सासूबाईंना काय सांगायचे ते तुमचे तुम्ही बघा.