खग्रास ग्रहण टिपण्यासाठी कर्ज काढावे का?

सप्रेम नमस्कार.

तुमचे सविस्तर पत्र मिळाले. 2 ऑगस्ट 2027 रोजीचे खग्रास सूर्यग्रहण इजिप्तमधील लक्सॉरला जाऊन टिपायचे, त्यानंतरच्या हिवाळ्यात नॉर्वेमध्ये ध्रुवीय प्रकाशाची छायाचित्रे घ्यायची आणि या दोन्हींसाठी, शिवाय पुढे कधी येणाऱ्या धूमकेतूंसाठी, फुल फ्रेम मिररलेस कॅमेरा, 600 मिलिमीटरची लेन्स व ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीबरोबर कॅमेरा हळूहळू फिरवणारे यंत्र) असा संच आताच विकत घ्यायचा, असा तुमचा बेत आहे. एकूण खर्च तुमच्या अकरा महिन्यांच्या घरखर्चाइतका होतो: सहा महिन्यांचा उपकरणांवर, तीन महिन्यांचा लक्सॉरवर आणि दोन महिन्यांचा नॉर्वेवर. त्यासाठी सहा महिन्यांच्या आकस्मिक निधीतून चार महिन्यांची रक्कम काढावी, अडीच महिन्यांइतके वैयक्तिक कर्ज घ्यावे आणि दरमहाची गुंतवणूक वर्षभर थांबवून उरलेली साडेचार महिन्यांची रक्कम उभी करावी, असा तुमचा विचार आहे. वर्षाला साधारण दोन महिन्यांच्या खर्चाइतका बोनस मिळतो, असेही तुम्ही ओघात लिहिले आहे, पण तो या हिशेबात कुठेच धरलेला नाही.

माझे मत आधीच सांगतो. लक्सॉरला जरूर जावे. कर्ज मात्र घेऊ नये, आकस्मिक निधीला हात लावू नये आणि संपूर्ण संच आता विकत घेऊ नये.

ग्रहण ही नियोजनासाठी फार सोयीची घटना आहे. तिची तारीख, वेळ आणि सावलीचा पट्टा अनेक वर्षे आधीपासून ठाऊक असतो, म्हणून ज्या खर्चाचा दिवस इतक्या आधी माहीत आहे त्यासाठी व्याज भरण्याचे काहीच कारण उरत नाही. आज ग्रहणाला वर्षाहून थोडा अधिक अवधी आहे. तुमच्या मासिक गुंतवणुकीचे निवृत्ती, मुलांचे शिक्षण आणि नवी गाडी असे तीन सारखे भाग आहेत. त्यातला गाडीचा भाग वर्षभर ग्रहणाकडे वळवला, तर दीड महिन्याच्या खर्चाइतकी रक्कम जमते आणि येणारा बोनस त्यात घातला की साडेतीन महिन्यांची तरतूद होते. प्रवास तीन महिन्यांचा धरला आहे, म्हणजे उपकरणांच्या भाड्यासाठी अर्ध्या महिन्याची रक्कम शिल्लक राहते. गाडी एक वर्ष उशिरा येईल, पण शिक्षण आणि निवृत्ती यांना धक्का लागणार नाही. ही रक्कम वेगळ्या खात्यात किंवा ग्रहणाआधी पूर्ण होणाऱ्या मुदत ठेवीत ठेवावी. ती शेअर बाजारात ठेवू नये, कारण बाजार नेमका त्या महिन्यात पडला तर वाट पाहायला तुमच्याकडे वेळ नसेल.

आता उपकरणांविषयी, कारण तुमच्या बेतातला सर्वांत मोठा खर्च तिथेच आहे. तुमच्याकडे आज क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा, जुना डीएसएलआर आहे आणि तो ग्रहणासाठी अपुरा पडेल, असे तुम्ही गृहीत धरले आहे. हे गृहीतक तपासून पाहू. सेन्सरवर पडणाऱ्या सूर्यबिंबाचा व्यास हा लेन्सच्या नाभीय अंतराच्या (लेन्सचा जो मिलिमीटरमधला आकडा सांगतात त्याच्या) साधारण 109 व्या भागाइतका असतो. 400 मिलिमीटरच्या लेन्सने तो सुमारे 3.7 मिलिमीटर येतो, तर 600 च्या लेन्सने 5.5 मिलिमीटर. तुमच्या सेन्सरची उंची 16 मिलिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे 400 च्या लेन्समध्ये बिंबाभोवती पसरणाऱ्या प्रभामंडलाला, म्हणजे खग्रास स्थितीत दिसणाऱ्या सूर्याच्या बाह्य वातावरणाला, चांगली जागा मिळते आणि 600 च्या लेन्समध्ये त्याच्या बाहेरच्या शलाका चौकटीबाहेर जाऊ लागतात. ज्या लेन्ससाठी तुम्ही कर्ज घेणार होता, ती तुमच्या हातातल्या कॅमेऱ्यावर या कामासाठी उलट गैरसोयीची आहे. शिवाय आतले प्रभामंडल इतके तेजस्वी असते की कमी आयएसओवर (सेन्सरच्या कमी प्रकाशसंवेदनशीलतेवर), सेकंदाच्या हजाराव्या भागापासून एक-दोन सेकंदांपर्यंतचे टप्प्याटप्प्याचे एक्स्पोजर घेतले की काम होते. अंधारात चांगली कामगिरी करणाऱ्या नव्या कॅमेऱ्याचा फायदा इथे फारच थोडा मिळतो.

म्हणून 400 ची लेन्स भाड्याने घ्यावी. सोलर फिल्टर मात्र स्वतःचा आणि चांगल्या प्रतीचा असावा. खग्रास स्थिती सोडून इतर सर्व वेळ तो लेन्सच्या पुढे बसवलेलाच हवा, नाहीतर सेन्सर जळू शकतो आणि अशा कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून पाहिल्यास डोळे कायमचे अधू होऊ शकतात. भाड्याच्या लेन्सची नुकसानभरपाई कोणी द्यायची, हे करारात वाचून घ्यावे. प्रवास विम्यात एका वस्तूमागे भरपाईची मर्यादा बहुधा असते, तीही तपासावी.

छायाचित्रे विकून खर्चाचा काही भाग वसूल होईल, ही आशा हिशेबात शून्य धरावी. त्याच ग्रहणाची छायाचित्रे असंख्य अनुभवी लोक त्याच वेळी घेणार आहेत. उद्या काही विकले गेलेच, तर ते मिळकतीत धरू.

नॉर्वेच्या बाबतीत तुमची घाई समजते. 25 व्या सौरचक्राचा (सूर्याची सक्रियता सुमारे अकरा वर्षांत वाढून ओसरते, त्या चक्राचा) उच्चांक 2024 मध्ये येऊन गेला, त्याच वर्षी मे महिन्यातल्या प्रचंड भूचुंबकीय वादळाने ध्रुवीय प्रकाश एरवी तो क्वचितच दिसणाऱ्या अक्षांशांपर्यंत आणला, आणि आता संधी हातची जाईल, असे तुम्हाला वाटते. पण नॉर्वेतले ट्रॉम्सो शहर सुमारे 69.6 अंश उत्तर अक्षांशावर, ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातच आहे. तिथे सूर्य तुलनेने शांत असतानाही प्रकाश दिसतो. चक्राच्या उतरणीच्या वर्षांत सूर्यावरच्या प्रभामंडलातील विवरांमधून वेगवान सौरवारा वारंवार येत असतो आणि विषुवदिनांच्या सुमारास भूचुंबकीय हालचाल वाढते, हेही तुमच्या बाजूचे आहे. तिथली खरी अडचण ढगांची असते. म्हणून ही सहल एक-दोन वर्षे पुढे ढकलावी आणि पुढच्या बोनसमधून करावी. त्या वेळी हाताशी असलेले पैसे महागड्या कॅमेऱ्याऐवजी मुक्कामाच्या जास्त रात्रींवर खर्च करावेत. एफ/2.8 ची, म्हणजे भरपूर प्रकाश आत घेणारी, वापरलेली रुंद लेन्स तेवढी घ्यावी. चांगल्या लेन्सची किंमत कॅमेऱ्याच्या मानाने सावकाश उतरते, त्यामुळे ती पुढे विकतानाही तोटा कमी होतो.

धूमकेतूंसाठी मात्र तारखेवर आधारलेले नियोजन चालतच नाही. आयसॉन धूमकेतूकडून 2012 मध्ये मोठ्या अपेक्षा होत्या आणि 28 नोव्हेंबर 2013 रोजी सूर्याजवळून जाताना तो विखुरला. याउलट निओवाइज मार्च 2020 च्या अखेरीस सापडला आणि जुलैमध्ये नुसत्या डोळ्यांनी दिसू लागला, म्हणजे तयारीला चार महिनेही मिळाले नाहीत. अशा पाहुण्यांसाठी अर्ध्या महिन्याच्या खर्चाइतकी छोटी रक्कम कायम तयार ठेवावी. गडद अंधाराच्या ठिकाणी अचानक निघायला तेवढी पुरते. ट्रॅकर ही एकच वस्तू मी विकत घ्या म्हणेन, कारण ती धूमकेतूंनाही उपयोगी पडते आणि आकाशगंगेलाही. तीसुद्धा ग्रहणानंतर घ्यावी.

लक्सॉरचे आरक्षण टप्प्याटप्प्याने पैसे भरता येतील असे पाहावे आणि रद्द केल्यास किती रक्कम कोणत्या तारखेपर्यंत परत मिळते, ते लेखी घ्यावे. ऑगस्टमध्ये तिथे ढगांचा धोका अगदीच कमी असतो. खग्रास स्थितीही 6 मिनिटांहून अधिक काळ टिकेल, त्यामुळे हा खर्च मला पटतो. घरच्या कारणाने जाणे रद्द झालेच, तर जमलेला निधी मोडू नये. 22 जुलै 2028 रोजी ऑस्ट्रेलियातून दिसणारे खग्रास ग्रहण जास्तीत जास्त 5 मिनिटांहून थोडे अधिक काळाचे आहे आणि तोच निधी त्यासाठी पुढे नेता येईल.

लेन्स एकदा आधीच दोन दिवसांसाठी भाड्याने आणून पौर्णिमेच्या चंद्रावर सराव करावा. पूर्ण चंद्र आणि सूर्य आकाशात जवळपास सारख्याच, अर्ध्या अंशाच्या आकाराचे दिसतात. चौकट, फोकस आणि ट्रायपॉडचा स्थिरपणा यांतल्या अडचणी तिथेच कळतील. त्यानंतरही स्वतःची मोठी लेन्स हवी असे वाटले, तर त्या भाड्याचा आणि किमतीचा हिशेब मला पाठवा, आपण तो पुन्हा एकत्र पाहू.